परत येण्याची वाट आधी बांधा

समुद्रपूर तालुक्यातला आयटीआय झालेला फिटर किंवा वेल्डर जामच्या चौरस्त्यावरून गाडी धरतो, बुटीबोरीला नाहीतर चंद्रपूरकडे कामाला लागतो. चार-दोन वर्षांत हात बसला की त्याच्या मोबाइलवर परदेशातल्या कामाचा निरोप येतो. टॉवर लाईनचे काम, सिमेंट कारखान्यातली देखभाल, सबस्टेशनची उभारणी. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, राहणे-खाणे कंपनीचे. निरोपात देशाचे नाव कधी असते, कधी नुसतेच ‘आफ्रिका’ किंवा ‘गल्फ’. कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला असा निरोप टाळणे सोपे नसते, आणि दर वेळी तो टाळावाच असेही नाही.

मात्र तो देश दहशतवादाने पोखरलेला असेल, तर होकार कळवण्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून काही गोष्टी तपासायला हव्यात. त्या सगळ्या एका प्रश्नापाशी येऊन मिळतात: तिथली परिस्थिती बिघडली, तर हा माणूस स्वतःच्या मर्जीने आणि वेळेत परत फिरू शकेल का? ही मोकळीक तिकडे गेल्यावर मिळवता येत नाही. ती इथूनच बांधून न्यावी लागते. कशी, ते क्रमाने पाहू.

धोका नेमका कुठे असतो?

हे समजून घ्यायला विदर्भातल्या माणसाला लांब जायला नको. अमेरिकेचे परराष्ट्र खाते भारतात येणाऱ्या आपल्या नागरिकांसाठी जी प्रवाससूचना काढते, तिच्यात नक्षलवादी हिंसेसंदर्भात पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख वर्षानुवर्षे आहे. ती वाचणाऱ्या परदेशी माणसाला वाटेल, वर्धा-नागपूरकडे पाऊलही टाकू नये. आपल्याला मात्र ठाऊक आहे, की त्या सगळ्या वर्षांत समुद्रपूरचा बाजार नेमाने भरत होता आणि हिंगणघाटला कापूस जात होता. धोका होता तो गडचिरोलीच्या काही तालुक्यांत, आणि तिथेही सगळीकडे सारखा नव्हता.

१ मे २०१९ ची घटना आठवा. कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ माओवाद्यांनी रस्त्याचे काम करणाऱ्या ठेकेदाराची दोन डझनांहून जास्त वाहने जाळली. काही तासांनी तिकडे निघालेले पोलीस जवान एका खाजगी वाहनातून जात असताना जांभूरखेड्याजवळ रस्त्यात पेरलेला भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि वाहनचालक जागीच गेले. या एका घटनेत तीन धडे आहेत. पहिला, हल्ल्याला निमित्त झाले ते बांधकामाच्या ठेकेदाराचे सामान. दुसरा, जीव गेले ते रस्त्यावर. तिसरा, मारले गेलेल्यांत गाडी चालवणारा एक साधा नागरिकही होता, ज्याचे त्या भांडणाशी काही देणेघेणे नव्हते.

परिस्थिती बदलतेही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती या मोठ्या माओवादी नेत्याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. म्हणून कोणत्याही देशाविषयी विचारताना ‘तो देश धोकादायक आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. कोणता जिल्हा, कोणता रस्ता, कोणते काम आणि कोणत्या महिन्यातली माहिती, हे चारही विचारावे.

सूचना कशी वाचावी

सिडनीची इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस ही संस्था दरवर्षी ‘ग्लोबल टेररिझम इंडेक्स’ काढते. तिच्या २०२५ च्या यादीत बुर्किना फासो पहिला, पाकिस्तान दुसरा, सीरिया तिसरा, माली चौथा आणि नायजर पाचवा आहे. यांतले तीन देश आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातले. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या या पट्ट्यात २०२४ मध्ये जगभरच्या दहशतवादी बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी गेले. आखातातल्या लढाया बातम्यांत सतत दिसतात म्हणून आपण तिकडे घाबरतो. साहेलचे नावही कानावर आलेले नसते म्हणून तिकडचे काम निर्धोक वाटते. नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगळे देश आहेत, हेसुद्धा निरोप आला की आधी नकाशावर बोट ठेवून पाहावे.

आपले परराष्ट्र मंत्रालय प्रसंग पडेल तशी मजकुराच्या रूपात सूचना काढते: अमुक देशात जाणे टाळा, तिथे असाल तर दूतावासाच्या संपर्कात राहा, शक्य असेल तर निघा. शब्दांची पायरी ओळखायला शिकावे. ‘सावध राहा’ आणि ‘उपलब्ध साधनाने बाहेर पडा’ यांत मोठे अंतर आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया देशांना १ ते ४ अशा पातळ्या देतात, ४ म्हणजे जाऊच नका. अमेरिकेच्या सूचनेत कारणही वेगळे सांगितलेले असते: दहशतवाद, अपहरण, गुन्हेगारी की दंगे. ब्रिटनचे परराष्ट्र खाते तर एकाच देशाच्या नकाशात भागवार रंग भरते. कंपनीचा तळ राजधानीत आणि प्रत्यक्ष काम लाल पट्ट्यात, असे असेल तर ते तिथे लगेच दिसते. या सगळ्या सूचना मोबाइलवर फुकट वाचता येतात आणि त्यांच्यावर तारीख असते.

शेतकऱ्याला हे सहज समजेल. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो विष किती जहाल ते सांगतो. विषबाधा होईल की नाही, हे वारा कुठला, तोंडावर फडके आहे का, किती तास फवारणी केली आणि पंप गळतो का, यावर ठरते. देशाचा रंग हा डब्यावरचा त्रिकोण आहे. तिथे आपण कोणत्या वाऱ्यात आणि किती वेळ उभे राहणार, हे आपल्या कामावर ठरणार.

लाईनवर काम करणाऱ्यांची गोष्ट

वर्धा जिल्ह्याला हा विषय एका खास कारणाने जवळचा आहे. देवळीला आणि शेजारी बुटीबोरीला विजेच्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे तयार होतात. हा धंदा देशापुरता राहिलेला नाही; भारतीय कंपन्या आफ्रिकेत आणि आशियात लाईन टाकतात, आणि त्यासाठी कसबी माणसे भारतातूनच जातात.

६ मे २०१८ रोजी अफगाणिस्तानच्या बागलाण प्रांतात वीजप्रकल्पावर काम करणाऱ्या ७ भारतीयांना पळवून नेले. ते सगळे सुटायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. एप्रिल २०२५ मध्ये नायजरच्या तिलाबेरी भागातून पारेषण वाहिनीवर काम करणारे ५ जण पळवले गेले, पाचही जण झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातले. १५ जुलै २०२५ रोजी नायजरच्याच दोसो भागात वीजवाहिनीच्या कामावर हल्ला झाला. २ भारतीय मारले गेले, एकाला पळवून नेले. त्याआधी १ जुलैला मालीतल्या ‘काय’ (Kayes) नावाच्या ठिकाणच्या सिमेंट कारखान्यातून ३ भारतीयांचे अपहरण झाले होते.

हीच कामे का सापडतात? लाईन माळरानातून, वस्तीपासून दूर जाते. कामगार रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी, त्याच गाडीने जातात. परदेशी माणूस दुरूनही ओळखू येतो, आणि त्याच्यामागे कंपनी आहे म्हणजे खंडणी मिळेल असा हिशेब असतो. संरक्षणाला सैनिक दिले, तर ते सैनिक स्वतःच हल्लेखोरांचे लक्ष्य असतात. दोसोत हल्ला झाला तो कामाला पहारा देणाऱ्या लष्करी तुकडीवरच. म्हणजे ‘आर्मीचा बंदोबस्त आहे’ हे एजंटाचे वाक्य ऐकून निर्धास्त होता येत नाही.

म्हणून नेमणूकपत्र हातात घेऊन पुढचे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. कामाचे ठिकाण गावाच्या नावासह दिले आहे, की फक्त देशाचे नाव आहे? मुक्काम कुंपणाच्या आत आहे का, आणि तिथून कामाची जागा किती दूर? ये-जा कोणत्या वाहनाने, रात्रीचा प्रवास आहे का? ठिकाण बदलायचे झाल्यास कामगाराची संमती लागेल का? दूतावास सूचना देईल तेव्हा काम सोडून परतण्याचा हक्क आहे का, आणि तिकीट कोण काढणार? पासपोर्ट कोणाजवळ राहील? यातल्या शेवटच्या तीन प्रश्नांना जी कंपनी तोंडी उत्तर देऊन मोकळी होते, तिथे थांबावे.

कागद का महत्त्वाचा

जून २०१४ मध्ये इसिसने इराकमधले मोसुल शहर घेतले. तिथल्या एका बांधकाम कंपनीत काम करणारे ४० भारतीय त्यांच्या तावडीत सापडले. एक निसटला. बाकी ३९ जणांचे काय झाले, हे घरच्यांना कळायला जवळजवळ चार वर्षे लागली. २० मार्च २०१८ रोजी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत त्यांच्या मृत्यूची माहिती दिली. बादूशच्या सामूहिक थडग्यातले अवशेष घरच्यांच्या डीएनएशी जुळवून ओळख पटवावी लागली. अवशेष घेऊन येताना तेव्हाचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी सांगितले, की हे लोक बेकायदा एजंटांमार्फत गेले होते आणि त्यांची नोंद कोणत्याही दूतावासाकडे नव्हती.

त्याच उन्हाळ्यात इराकमधल्याच तिकरितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. त्या कुठे आहेत, किती आहेत, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. दूतावासाशी आणि केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्याशी त्यांचे फोन चालू होते. त्यांनाही बंदूकधाऱ्यांनी मोसुलला नेले, पण पुढे त्या एर्बिलजवळ सोडल्या गेल्या आणि ५ जुलै २०१४ रोजी कोचीला उतरल्या. दोन्ही प्रसंगांत फरक करणाऱ्या इतरही गोष्टी होत्या. नोंद असली की जीव वाचतोच, असे कोणी म्हणू नये. पण ज्याचा ठावठिकाणाच सरकारदरबारी नाही, त्याच्यासाठी बोलणी तरी कुठून सुरू करायची?

ही नोंद कशी होते ते पाहू. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का असतो. असा माणूस १८ ठरावीक देशांत कामाला जाणार असेल, तर त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. हे काम ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर होते. तिथे मालक, करार आणि एजंट यांची नोंद होते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये, आणि दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये.

आता यातल्या दोन फटी नीट लक्षात घ्या. पहिली: त्या १८ देशांत इराक, येमेन, लिबिया, सीरिया, अफगाणिस्तान आहेत, नायजर, माली, बुर्किना फासो नाहीत. म्हणजे २०२४ मध्ये ज्या पट्ट्यात दहशतवादाने सर्वांत जास्त बळी घेतले, तिथे कामाला जाताना ही चाळणीच लागत नाही. दुसरी: दहावी झालेल्याला कोणत्याच देशासाठी मंजुरी लागत नाही. आपला आयटीआय झालेला मुलगा बहुतेक वेळा दहावी पास असतो. त्यामुळे त्याला अडवणारे, त्याचा करार वाचणारे सरकारी खिडकीवर कोणी बसलेले नसते. ते काम घरच्यांनाच करावे लागते.

ते असे करावे. एजंटाचा परवाना क्रमांक मागून तो ई-मायग्रेटवर स्वतः तपासावा. गावोगावी फिरणाऱ्या उपएजंटाला कायद्यात जागाच नाही. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखात आकडा सांगितला, तर तिथेच ओळखावे. ‘आधी दुबईला व्हिजिट व्हिसावर चला, पुढचे तिथे बघू’ असे कोणी म्हणाले, तर जाऊ नये, कारण पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाची कामगार म्हणून कुठेच नोंद राहत नाही. पोहोचल्या आठवड्यात तिथल्या भारतीय दूतावासात नाव, पासपोर्ट क्रमांक, कामाचे ठिकाण आणि घरचा फोन नोंदवावा. नियामे आणि बामाको, दोन्हीकडे आपले दूतावास आहेत. खाजगी प्रवास विमा घेतला, तर युद्ध आणि दहशतवाद यांबद्दलची वगळणुकीची कलमे पान उलटून वाचावीत. कित्येक पॉलिसी नेमक्या तिथेच हात वर करतात.

तिथे वावरताना

२२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर सकाळी आठच्या सुमारास दोन स्फोट झाले. मुंबईच्या निधी चाफेकर या जेट एअरवेजच्या कर्मचारी धुळीने माखून बाकावर बसलेल्या आहेत, हे छायाचित्र जगभर छापले गेले. स्फोट झाले ते निर्गमन कक्षात, बॅगा देण्याच्या रांगांमध्ये, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या आधीच्या भागात. तिथे कोणीही सामानासह येऊ शकतो आणि गर्दी एका जागी थांबलेली असते. म्हणून चेक-इन आधीच मोबाइलवर करावे, सोडायला आलेल्यांचा निरोप बाहेरच घ्यावा आणि तपासणीच्या पलीकडे जाऊन मग निवांत बसावे.

गर्दीची ठरलेली वेळ हे हल्लेखोरांचे दुसरे गणित. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे. सर्व जातिधर्मांची माणसे तिथे चढून जातात. पाकिस्तानात बाबा फरीद यांचा पाकपट्टन इथला दर्गाही असाच सर्वांचा. त्याच्या दारात २५ ऑक्टोबर २०१० रोजी सकाळी बॉम्ब फुटला. लाहोरच्या दाता दरबारवर त्याच वर्षी १ जुलैला आणि सेहवानच्या लाल शहबाज कलंदर दर्ग्यावर १६ फेब्रुवारी २०१७ ला हल्ले झाले. हे दोन्ही दिवस गुरुवार होते, दर्ग्यात सर्वांत जास्त गर्दीचा वार. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या रविवारी चर्चमध्ये आणि बड्या हॉटेलांत नाश्त्याच्या वेळी स्फोट झाले; २५० हून अधिक जण गेले, त्यांत ११ भारतीय. बगदाद, करबला किंवा आणखी कुठे जियारतीला, यात्रेला जाणाऱ्यांनी मोठे दिवस आणि गर्दीचे तास टाळून दर्शन घ्यावे. श्रद्धेत त्याने काही कमी पडत नाही.

हल्ला झालाच, तर ब्रिटिश पोलिसांनी सांगितलेला क्रम सोपा आहे: पळा, लपा, कळवा. बाहेर पडण्याची वाट असेल तर सामान टाकून पळावे. नसेल तर दार आतून लावून, जड सामान आडवे घालून, फोनचा आवाज आणि थरथर दोन्ही बंद करून लपावे. सुरक्षित झाल्यावरच फोन करावा. काय झाले हे पाहायला किंवा चित्रीकरण करायला थांबू नये. पोलीस आत आले, की हात रिकामे आणि वर दिसू द्यावेत, कारण त्या क्षणी त्यांना कोण कोण आहे हे ठाऊक नसते.

निघण्याची वेळ

२०१५ च्या सुरुवातीपासून आपले सरकार येमेनमधल्या भारतीयांना निघा म्हणून सांगत होते. विमाने चालू होती तेव्हा थोडेच निघाले. मार्चअखेर हवाई हल्ले सुरू झाले आणि नेहमीची विमाने बंद पडली. मग ‘ऑपरेशन राहत’मध्ये नौदलाची जहाजे एडन, होदेदा या बंदरांत गेली, लोकांना जिबुतीला आणले आणि तिथून विमानांनी घरी पाठवले. सुमारे ४,६०० भारतीय आणि शिवाय ९०० हून अधिक परदेशी नागरिक सुटले. पराक्रम मोठाच. पण बंदरापर्यंत पोहोचण्याचा, गोळीबारातून जाणारा रस्ता ज्याचा त्याला कापावा लागला. २६ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलच्या विमानतळाबाहेर तर सुटकेसाठी जमलेल्या गर्दीतच आत्मघाती स्फोट झाला. सर्वांत सुरक्षित परतीचा प्रवास हा साध्या तिकिटावर, नेहमीच्या विमानाने, इतर सगळे अजून विचार करत असताना केलेला असतो.

मग माणसे वेळेत का निघत नाहीत? भीती कळत नाही म्हणून नव्हे. पगार थकलेला असतो, पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो आणि गावात कर्ज वाट पाहत असते. एजंटाला द्यायला सावकाराकडून पैसे उचलले किंवा एकर-दीड एकर गहाण टाकले, तर तो मुलगा पहिल्या सूचनेला परतू शकत नाही. कर्ज फिटेपर्यंत तो तिथे बांधला जातो, बाहेर गोळ्या चालल्या तरी. विदर्भाला कर्जाचे हे ओझे सांगायला नको. म्हणून जाताना कर्ज काढूच नये. परतीच्या तिकिटाचे पैसे घरच्या कोणाच्या तरी खात्यावर बाजूला ठेवावेत आणि कोणत्याही कारणाने मोडू नयेत. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या छायाप्रती घरी ठेवाव्यात.

घरच्यांनी काय करावे

बोलण्याचे वार आणि वेळ ठरवून घ्यावी. ठरलेल्या वेळी फोन आला नाही, तर किती तास थांबून कोणाला कळवायचे हेही ठरवावे: आधी कंपनी, मग दूतावास, मग परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळ आणि वर्ध्याचे जिल्हाधिकारी कार्यालय. अर्जाची पोच घ्यावी. घरातल्या एकानेच सगळ्यांशी बोलावे.

अपहरण झाले, तर एक पथ्य फार कडक पाळावे: माहिती बाहेर जाऊ देऊ नये. २६/११ च्या वेळी वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा फायदा हल्लेखोरांच्या सूत्रधारांना झाला, आणि २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. आपल्या माणसाचा फोटो, पगार, धर्म, कंपनीतले पद, घरची जमीन यांतले काहीही व्हॉट्सअॅपवर किंवा वार्ताहराला सांगू नये. पळवणारेही मोबाइल वाचतात, आणि त्यावरून माणसाची किंमत ठरवतात. खंडणीसाठी परस्पर फोन आला, तर तो अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय बोलणी करू नयेत.

एवढे सगळे तपासून झाल्यावर कोणी गेला, तर त्याला मनापासून निरोप द्यावा. कष्टाने चार पैसे मिळवायला जगात कुठेही जाण्याचा त्याला हक्क आहे. आणि कामाचे गाव सांगायला, परतीचा हक्क लिहून द्यायला किंवा पासपोर्ट हातात ठेवू द्यायला समोरचा तयार नसेल, तर पगार कितीही मोठा असो, नाही म्हणावे. हे ‘नाही’ एकट्या मुलाच्या अंगावर टाकू नये. घरातल्या मोठ्यांनी ते स्वतः म्हणावे. तसेच, पुढे कधी तो तिकडून ‘मी परत येतो’ म्हणाला, तर किती कमावले हे न विचारता ‘ये’ म्हणावे. हा शब्द त्याला जाण्याआधीच देऊन ठेवावा.